सासूबाईंची कवळी

थोरलीच्या हातची कवळी टेबलावर ठेवली तरी देखणी दिसायची. खरं तर टेबलावरच जास्त देखणी दिसायची, आणि गोम तिथेच होती. पण ती थोरलीला कळायला सासूबाईंचे दात पडावे लागले.

दोघी जावा एकाच दातांच्या दवाखान्यात कामाला. पुढच्या खोलीत वाट बघणाऱ्यांच्या खुर्च्या, मधल्या खोलीत डॉक्टरबाई आणि त्यांचं गुरगुरणारं यंत्र, आणि मागे कवळ्या करायची खोली. तिथे प्रत्येक वस्तूवर प्लास्टरची पांढरी भुकटी बसलेली, बर्नरशेजारी मेण कापायच्या सुऱ्या, आणि फळीवर गावभरच्या लोकांचे जबडे साच्याच्या रूपात ओळीने मांडलेले. या खोलीत थोरलीचं राज्य. धाकटीला हे काम तिनेच शिकवलं, डॉक्टरबाईंकडे शब्द टाकून तिनेच आणलं. घरात आपलं ऋणी असलेलं एखादं माणूस असावं, असा त्यामागचा सरळ हिशेब. पुढे हेच खातं उलटं फिरेल अशी शंका कुणाला येते?

धाकटीचा हात बेताचा. तिची कवळी बसायची, पण थोरलीने एकदा नजरेखालून घातल्यावर, इथे जरा घास, तिथे जरा भर, असं सांगितल्यावर. तरी पुढच्या खोलीत आलेली माणसं थोरली समोर दारात उभी असताना तिच्या खांद्यावरून आत डोकावून विचारायची, "त्या दुसऱ्या बाई आहेत ना आज?"

दुसऱ्या बाई. म्हणजे पहिली कोण हे धरलेलंच नव्हतं.

डॉक्टरबाईंच्या दवाखान्यात एक पद्धत होती. जिने कवळी केली तिनेच ती माणसाच्या तोंडात बसवायची, आरसा दाखवायचा आणि वापरायची कशी ते शिकवायचं. थोरलीचं शिकवणं भिंतीवर चिकटवलेल्या सूचनेसारखं असायचं. खाल्ल्यावर काढून धुवायची, गरम पाणी लावायचं नाही, झोपताना पाण्यात ठेवायची. समजलं? समोरचं माणूस मान हलवायचं, आणि घरी जाऊन यातली शेवटची सूचना मनापासून पाळायचं. कवळी पाण्यात ठेवायचं आणि बाहेर काढायचं विसरून जायचं.

धाकटी दातांचं नावच काढायची नाही. तुम्ही सफरचंद शेवटचं कधी खाल्लं, घरात कोण कोण आहे, भांडण कुणाशी होतं, असल्या चौकशा करायची. मग म्हणायची, आता मी तुमची सून, करा बघू माझ्याशी तेच भांडण. म्हातारी माणसं नवे दात लावून तिच्याशी तावातावाने भांडायची आणि त्याच तोंडाने हसत घरी जायची. आठवड्याभरात परत यायची ती तक्रार घेऊन. इथे टोचतंय, तिथे घासतंय. धाकटी टोचणारा भाग घासून द्यायची आणि आणखी थोडं भांडून घ्यायची.

थोरलीकडे तक्रार घेऊन सहसा कुणी यायचं नाही. हा तिच्या जमेचा सर्वांत मोठा आकडा होता. "माझी कवळी टोचत नाही," ती म्हणायची, "हिच्या बघा, रोज कुणी ना कुणी गालाला हात लावून दारात." धाकटी यावर हसून म्हणायची, "जाऊबाई, तुमचा हात कुठे, माझा कुठे." आणि थोरली ते वाक्य लोणी या सदराखाली टाकून मोकळी व्हायची.

अशात बातमी आली की डॉक्टरबाई पुलापलीकडे दुसरा दवाखाना काढताहेत, आणि तिथली कवळ्यांची खोली दोघींपैकी एकीच्या ताब्यात देणार आहेत. स्वतंत्र खोली, स्वतःची खुर्ची, हाताखाली शिकायला दोन पोरी. थोरलीला एका क्षणात दोन गोष्टी कळल्या. ही खोली हक्काने आपली आहे, आणि ती धाकटीला मिळणार आहे.

त्या दिवसापासून तिला दुसरं काही दिसेना. डॉक्टरबाई धाकटीशी दारात उभ्या राहून बोलल्या तर हिच्या हातातलं मेण थंड होऊन जायचं. धाकटीने नवी चप्पल घेतली, तेव्हा थोरलीने ती पुलापलीकडे चालत जायला घेतली असं ठरवून टाकलं. घरी वरच्या मजल्यावर धाकटीचा संसार, खाली थोरलीचा आणि सासूबाईंचा. वरून हसण्याचा आवाज आला की थोरली हातातलं भांडं जरा आपटूनच ठेवायची.

तिचा नवरा शाळेत गणित शिकवायचा. एका संध्याकाळी तो भांडी पुसत होता आणि ही गोड बोलून पोट भरणाऱ्या लोकांविषयी बोलत होती. आपल्याला कुणाला काही विकायची गरज नाही, आपलं काम बोलतं, असं तिने तिसऱ्यांदा सांगितल्यावर तो म्हणाला, "मी रोज भागाकार विकतो. गिऱ्हाईक खिडकीबाहेर बघत असतं. माझा भागाकार कितीही बरोबर असला तरी त्याची मान वळल्याशिवाय तो फळ्यावरच राहतो."

"म्हणजे मी फळ्यावर राहते?"

"मी भागाकाराबद्दल बोललो," असं म्हणून त्याने पुसलेलंच ताट पुन्हा पुसायला घेतलं.

याच सुमारास सासूबाईंचे उरलेसुरले दात निघाले. सासूबाईंचा जन्म बसस्थानकाच्या तिकीटखिडकीत गेलेला. जाळीपलीकडच्या गर्दीला एका वाक्यात सरळ करणारी बाई. आता ती तोंडावर हात धरून बोलायला लागली, मग बोलणंच कमी केलं. शेजारणी आल्या तर झोपल्याचं सोंग घ्यायची.

थोरलीने जाहीर केलं, आईंची कवळी मी करणार. धाकटी म्हणाली, तुम्हीच करा, दुसऱ्या कुणी केली तर मीच हरकत घेईन. थोरलीला यातही काहीतरी पाणी मुरतंय असं वाटलं, पण तिने काम घेतलं. डॉक्टरबाईंच्या डोळ्यांसमोर, घरच्या माणसाच्या तोंडात, आपला हात काय आहे ते एकदा दिसू दे.

तिने जीव ओतला. मापाचा ठसा पुन्हा घेतला, मेणावर दात रचले, काढले, पुन्हा रचले. हिरड्यांचा गुलाबी रंग असा जुळवला की डॉक्टरबाईंनी चष्मा काढून पाहिला. पुढचे दात मोत्यांसारखे एका ओळीत. बसवायच्या दिवशी सासूबाईंनी आरशात पाहिलं, बराच वेळ पाहिलं, आणि म्हणाल्या, "छान आहे." थोरलीने सूचना सांगितल्या. सासूबाईंनी मान हलवली.

दिवस गेले. थोरली रोज विचारायची, टोचतंय का? सासूबाई दात दाखवून म्हणायच्या, अजिबात नाही. थोरलीने ही गोष्ट दवाखान्यात सगळ्यांना सांगितली. झाडणाऱ्या मावशींना सांगितली, औषधं पोचवणाऱ्या माणसाला सांगितली, डॉक्टरबाईंना तर दोनदा. पहिल्या आठवड्यात न टोचलेली कवळी कुणी पाहिली आहे का? आईंना एकदाही टोचलं नाही. डॉक्टरबाई नुसतं "असं?" म्हणाल्या. धाकटी साचा धूत होती, तिने वर पाहिलं आणि पुन्हा खाली बघितलं. थोरलीने त्या बघण्याचा अर्थ लगेच लावला. जळली.

एका दुपारी थोरली चष्मा विसरली म्हणून घरी परतली. धाकटीची त्या दिवशी सुट्टी होती. जिन्यापाशीच थोरलीला सासूबाईंचा आवाज ऐकू आला, आणि तो आवाज पोकळ होता. शब्दांतून वारा सुटत होता. दात नसलेल्या तोंडातून जसा सुटतो तसा. खालचं दार अर्धवट उघडं होतं. स्वयंपाकघरातल्या टेबलावर काचेचा पेला, पेल्यात पाणी, पाण्यात थोरलीचं आयुष्यातलं सर्वांत चांगलं काम. झकझकीत, चहाचा डागसुद्धा न लागलेलं.

सासूबाई सांगत होत्या, "तिचं पाऊल पायरीवर वाजलं की घालते. ती गेली की काढते. तुझ्याकडे चुगली करायला नव्हे, पण तूच विचारलंस म्हणून."

धाकटीने विचारलं, टोचतंय का.

"टोचायला घालावी लागते गं. आरशात बघितलं की कुणी परकी बाई दिसते. दात किती सरळ. माझे पुढचे दोन एकमेकांवर चढलेले होते, सगळा जन्म. खिडकीवर लोक मला त्यावरून ओळखायचे. ही कवळी घातली की वाटतं दुसऱ्या कुणाचं तोंड उसनं आणलंय."

"मग जाऊबाईंना सांगा ना."

"तिला काय सांगू? तिनं कधी विचारलं? ती सांगते. ती टोचतंय का विचारते तेसुद्धा 'नाही म्हणा' अशा आवाजात."

जिन्यापाशी थोरलीचे कान तापले. आता पुढचं काय ते तिला माहीत होतं. आता धाकटी म्हणणार, द्या इकडे, मी करून देते. आता तिची खोली पुलापलीकडे पक्की.

धाकटी म्हणाली, "मी हात लावला तर बिघडेल, आई. असं काम मला येत नाही. मी करते ते चालतं एवढंच. त्या करतात ते बघायला मला अजूनही हातातलं सोडून थांबावं लागतं. तुम्ही त्यांनाच सांगा. आणि आधी जरा घाला, म्हणजे सांगायला काहीतरी असेल. चला, मी गाडी सुटायच्या वेळी आलेली बाई. सुट्टे नाहीत माझ्याकडे, आणि रांगही मोडलीय."

पेल्यात पाणी हललं. मग थोरलीने कितीतरी महिन्यांत न ऐकलेला आवाज आला, खणखणीत, जाळीपलीकडून येणारा, "सुट्टे नसतील तर बाजूला व्हा. आणि रांग तुमच्या लग्नाची वरात नव्हे मधे घुसायला." दोघी हसल्या. धाकटीने उद्धट प्रवासी होऊन उलट उत्तर दिलं, सासूबाईंनी तिला स्थानकाबाहेर काढलं. असं बराच वेळ चाललं. मग सासूबाई म्हणाल्या, "अगं, इथे डावीकडे टोचतंय."

"टोचलं? मग झालं काम," धाकटी म्हणाली.

थोरली चष्मा न घेताच परत फिरली. रस्ताभर तिला राग कुणावर धरावा ते ठरवता येईना. तोंडावर केलेली स्तुती लोणी म्हणून बाजूला टाकता येते. पाठीमागे केलेली कुठल्या सदरात टाकायची? आणि टोचण्याचं ते गणित तर आणखी वाईट होतं. जी माणसं घालतात त्यांनाच टोचतं. म्हणजे तिच्याकडे तक्रार न आलेली ती सगळी माणसं, इतक्या वर्षांची, तिच्या जमेच्या बाजूची... तिने पुढचा हिशेब केला नाही. त्या दुपारी फळीवरच्या साच्यांकडे पाठ करूनच ती बसली. धाकटीला हे सगळं ठाऊक होतं आणि ती साचा धूत गप्प राहिली होती, हे सर्वांत जास्त लागलं. तिने टोमणा मारला असता तर निदान भांडता आलं असतं.

दुसऱ्या दिवशी सासूबाई स्वतः दवाखान्यात आल्या आणि डावीकडे टोचतंय म्हणाल्या. थोरलीने घासून दिलं. मग कानस खाली ठेवली, आणि विचारलं, "आई, अजून काही?"

सासूबाईंनी तिच्याकडे नीट पाहिलं. मग पुढच्या दोन दातांचं सांगितलं.

थोरलीने ते दोन दात काढले आणि एकावर एक चढवून बसवले. ओळंबा घेऊन भिंत वाकडी बांधायला सांगितलेल्या गवंड्याचं जे होईल ते तिचं होत होतं. सासूबाईंनी आरशात पाहिलं आणि आरशातल्या बाईला म्हणाल्या, "कुठे होतीस इतके दिवस?" पुढच्या खोलीत बसलेल्या लोकांना त्यांनी जाताजाता रांगेत बसायला लावलं.

आठवडा उलटला आणि डॉक्टरबाईंनी थोरलीला आत बोलावून सांगितलं, पुलापलीकडची खोली तुमची.

थोरली खुर्चीवर बसली. सगळ्यांत आधी तिच्या डोळ्यांसमोर आला तो धाकटीचा पडलेला चेहरा. तो अजून पाहायचा होता, पण नुसत्या कल्पनेनेच तिला गार वाटलं. डॉक्टरबाई मोकळ्या मनाच्या. पुढे बोलत राहिल्या. म्हणाल्या, खरं सांगू का, मी आधी तुमच्या जावेलाच विचारलं होतं. ती नाही म्हणाली, आणि वर तासभर बसून मला पटवलं की ही खोली तुम्हालाच का द्यायची. मला शंका होती, तुम्ही लोकांशी जरा कोरड्या वागता. ती म्हणाली, आईंचे दात बघा, मग ठरवा.

घरात कपडे मोठ्याचे लहान झाले की धाकट्याला जातात. धाकटीने नको म्हटलेलं थोरलीच्या अंगावर आल्याचं कुणी ऐकलंय? थोरलीला ती खोली त्या क्षणी कुणीतरी वापरून, धुऊन, घडी करून दिल्यासारखी वाटली.

संध्याकाळी धाकटी गच्चीवर वाळलेले कपडे काढत होती. थोरली दोन जिने चढून गेली आणि दम न घेताच म्हणाली, "तू मला विकलंस."

धाकटीने नाही म्हटलं नाही. चिमटे खिशात टाकत म्हणाली, "विकलं. पण भाव पाडून नाही विकलं, जाऊबाई."

"तुला कुणी सांगितलं होतं?"

"कुणी नाही. खोटं काही बोलले असेन तर सांगा. खोटा माल मला विकता येत नाही. तोंड उघडतं आणि बंद होतं, आवाज निघत नाही."

"मग तू का नाही घेतलीस? तुला आधी विचारलं त्यांनी." आधी हा शब्द थोरलीच्या तोंडून कडू गोळीसारखा बाहेर पडला.

धाकटीने चादरीचं एक टोक थोरलीच्या हातात दिलं. दोघींनी ती ताणली, घडी घातली. मग धाकटी तिच्याकडे न बघता बोलली. "माझी कवळी तुम्ही तपासता म्हणून बसते. तिकडे एकटी गेले तर महिन्याभरात सगळ्यांना कळेल. हे एक. आणि दुसरं ऐकायचं असेल तर ऐका. तुमच्या शेजारी बसून माझं काम मला रोज लहान दिसतं. तुम्ही मेण लावता ते बघितलं की घरी येऊन मला जेवण जात नाही. कितीदा वाटलं, या बाईचा हात एक दिवस तरी थरथरावा. तुम्ही पुलापलीकडे गेलात तर निदान दिवसभर मला त्या हाताकडे बघावं लागणार नाही. म्हणून पटवलं मी डॉक्टरबाईंना. झालं समाधान?"

झालं होतं. थोरलीला कितीतरी महिन्यांत इतकं बरं वाटलं नव्हतं. तिला जेवण जात नाही. वरच्या मजल्यावर, हसण्याच्या आवाजाखाली, ताटावरून कुणीतरी उठत होतं, आणि ते आपल्यामुळे. पगार, खोली, खुर्ची यांतलं काहीही या एका गोष्टीपुढे उभं राहत नव्हतं. ती म्हणाली, "वेडी आहेस," आणि चादरीची शेवटची घडी स्वतः घातली. त्या आठवड्यात तिने धाकटीला स्वतःची मेणाची जुनी सुरी देऊन टाकली, अगदी हाताला बसलेली. दिली तेव्हा धाकटी ज्या नजरेने सुरीकडे बघत राहिली तेही थोरलीने जपून मनात ठेवलं.

पुलापलीकडची खोली उजेडाची होती. फळ्या कोऱ्या, साचे अजून यायचे. तिथे थोरलीकडून पहिली कवळी नेली ती बँडमध्ये पितळी कर्णा वाजवून निवृत्त झालेल्या एका गृहस्थांनी. आठवड्याने ते सहज म्हणून डोकावले. गाल आत गेलेले. थोरलीने विचारलं, टोचतंय का. "छे, एकदम उत्तम," ते म्हणाले आणि कोटाचा खिसा हाताने दाबला. खिशात काय आहे ते थोरलीला न बघता कळलं.

शिकायला आलेल्या दोघी पोरी मेण तापवत होत्या. थोरलीच्या जिभेवर सूचना आलीच होती, खाल्ल्यावर काढायची, गरम पाणी नको. ती तिने गिळली. खुर्ची ओढून समोर बसली आणि म्हणाली, मला वाजवण्यातलं काही कळत नाही, पण बँडमध्ये तुमचं सगळ्यात जास्त कुणाशी वाजायचं? गृहस्थ दचकले. मग म्हणाले, ढोलवाल्याशी. चाळीस वर्षं. लय नावाची गोष्ट त्याला माहीत नव्हती.

"मी ढोलवाला," थोरली म्हणाली. "तुमचाच सूर चुकायचा."

गृहस्थांनी खिशातून कवळी काढली, तोंडात बसवली आणि असे तुटून पडले की पोरी बर्नर सोडून दारात येऊन उभ्या राहिल्या. थोरलीने ढोलवाल्याची बाजू जमेल तशी लढवली. ती वाईट लढवली नाही. ऐन रंगात ते थांबले, गालाला हात लावला.

"बाई, इथे जरा टोचतंय."

"टोचलं? मग झालं काम."

शब्द बाहेर पडले आणि तिला ऐकू आले. तेच, त्याच आवाजात, 'टोचलं'च्या शेवटी धाकटीचा तो हसरा हेल देऊन. आणि त्या हेलाबरोबर एक शंकाही आली. गच्चीवर चादर धरून जे विकलं गेलं, जेवण जात नाही म्हणून, तो खरा माल होता, की गिऱ्हाईकाला नेमकं काय हवंय हे ओळखून पुढे केलेला? सुरीकडे ती बघत राहिली ते तरी?

खोटा माल विकता येत नाही म्हणाली होती. पण हेही तीच म्हणाली होती.

थोरलीने दाराकडे वळून पाहिलं. पोरींपैकी कुणी ऐकलं असलं तरी ते वाक्य कुणाचं आहे हे त्यांना कळणार नव्हतं. मग तिने गृहस्थांना तोंड उघडायला सांगितलं, टोचणारी जागा शोधली, आणि घासायला घेतली. हात अजिबात थरथरत नव्हता. हे बघायला नेमकी धाकटी इथे नव्हती.